नकाशावरची सही

(नभोवाणीवरील भाषण)

इमारतीचा नकाशा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें निळ्या कागदाची एक गुंडाळी उभी राहते. म्युनिसिपालिटीच्या कचेरींत ती सादर करावयाची, तिच्यावर मंजुरीचा शिक्का घ्यावयाचा, आणि एकदां घर बांधून झालें कीं ती ट्रंकेच्या तळाशीं टाकून विसरून जावयाचें. घर हेंच खरें, नकाशा हें त्याचें तात्पुरतें साधन, अशी आपली समजूत असते. व शंभरांतील नव्याण्णव इमारतींच्या बाबतींत ती बरोबरहि असते. आज मी श्रोत्यांना ज्या इमारतीची हकीकत सांगणार आहें, तिच्या बाबतींत मात्र कागदाचें आयुष्य इमारतीहून मोठें ठरलें. कागद १९३८ सालीं लोकांपुढें आला. इमारत १९९७ सालीं उघडली. मधल्या एकुणसाठ वर्षांत एका शहराच्या दोन पिढ्या त्या कागदावरून भांडल्या, आणि ज्यानें त्यावर सही केली होती तो गृहस्थ इमारत पुरी होण्याच्या अडतीस वर्षें आधींच निवर्तला होता.

तो गृहस्थ म्हणजे अमेरिकेचा सुविख्यात स्थपति फ्रँक लॉइड राइट, आणि ती इमारत म्हणजे विस्कॉन्सिन संस्थानची राजधानी जें मॅडिसन शहर, तेथील ‘मोनोना टेरेस’. टेरेस म्हणजे येथें केवळ घरावरची गच्ची समजूं नये. पाण्याच्या अंगास पुढें काढलेला, बांधीव आणि प्रशस्त असा सज्जा असा तिचा अर्थ आहे. तथापि गच्ची म्हटलें तरी फारसें बिघडत नाहीं, कारण या इमारतीची गच्ची हाच तिचा सर्वांत मनोहर भाग आहे.

प्रथम जागेचें वर्णन केलें पाहिजे. त्यावांचून भांडणाचें मर्म कळावयाचें नाहीं. मॅडिसन शहराचा मध्यभाग दोन सरोवरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर वसलेला आहे. एका अंगास मेंडोटा सरोवर, दुसऱ्या अंगास मोनोना. पट्टीच्या मधोमध जो उंचवटा आहे त्यावर संस्थानचें विधिमंडळभवन असून त्याचा पांढरा घुमट दूरवरून दिसतो. या भवनापासून एक रुंद रस्ता सरळ मोनोना सरोवराकडे उतरतो. अंतर फार नाहीं; चालत गेलें तर विडा लावून खाण्याइतका वेळ लागावा. परंतु इतक्या जवळ पाणी असूनहि तें शहराच्या उपयोगाचें नव्हतें, कारण कांठाकांठानें आगगाडीचे रूळ गेले होते. शहरानें आपल्या सरोवराकडे पाठ करून बसावें असा तो प्रकार होता. जॉन नोलेन या नगररचनाकारानें १९११ सालीं मॅडिसनचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यांत विधिमंडळभवनापासून सरोवरापर्यंत भव्य मार्ग काढावा आणि पाण्याच्या कांठीं त्याचा शेवट शोभिवंत करावा अशी सूचना होती. आराखड्याची वाहवा झाली. रूळ जेथल्या तेथें राहिले.

राइट हा त्याच मुलखांतला. १८६७ सालीं विस्कॉन्सिनमधील एका लहान गांवीं त्याचा जन्म झाला, आणि बालपणाचीं बरींच वर्षें मॅडिसनमध्यें गेलीं. त्याच्या सोळाव्या वर्षीं, म्हणजे १८८३ च्या नोव्हेंबरांत, तेथील जुन्या विधिमंडळभवनाला जोडून नवी बाजू बांधली जात असतां ती कोसळली व कांहीं कामकरी दगावले. राइटनें तें दृश्य पाहिलें होतें, आणि पुढें आत्मचरित्रांत त्यानें केलेल्या वर्णनावरून तें त्याच्या मनांतून कधीं गेलें नाहीं असें दिसतें. तेथल्याच विश्वविद्यालयांत थोडे दिवस शिकून तो शिकागोस गेला, आणि तेथें त्याचें नांव झालें. १८९३ मध्यें मॅडिसननें नौकागृहांसाठीं स्पर्धा ठेवली, तींत या तरुण स्थपतीचीच निवड झाली. मेंडोटाच्या कांठचें नौकागृह बांधलें गेलें व १९२६ सालीं पाडलेंहि गेलें. मोनोनाच्या कांठचें कागदावरच राहिलें. म्हणजे त्या सरोवराच्या कांठीं राइटनें काढलेली आणि न झालेली ही पहिली इमारत होय.

१९३८ सालीं राइट एकाहत्तर वर्षांचा होता. मधल्या काळांत त्याच्यावर अनेक संकटें येऊन गेलीं होतीं, लोक त्याला संपला असें समजूं लागले होते, आणि त्याच सुमारास पेनसिल्व्हानियांत धबधब्यावर बांधलेल्या त्याच्या घरानें त्याची कीर्ति पुन्हां जगभर झाली होती. अशा वेळीं त्यानें आपल्या जुन्या गांवापुढें एक चित्र ठेवलें. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, म्हणून तें शब्दांनींच काढून दाखवितों.

आपण सरोवराच्या वर, पक्ष्याच्या उंचीवर आहों अशी कल्पना करा. समोर डोंगरमाथ्यावर असावा तसा विधिमंडळभवनाचा घुमट. त्याच्या पायथ्याकडून येणारा रस्ता कांठाशीं येऊन तुटत नाहीं, तर तसाच पुढें निघतो आणि पाण्यावर अर्धवर्तुळाकार पसरतो. त्या अर्धवर्तुळावर बाग आहे, कारंजीं आहेत, फिरणारीं माणसें आहेत. खालच्या मजल्यांवर शहराच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्या, न्यायालयें, सभागृह, आगगाडीचें स्टेशन, इतकेंच काय तुरुंगहि. मोटारी उभ्या करण्याची सोय पोटांत, रूळ त्याखालून जाणारे, आणि पाण्याच्या पातळीवर होड्यांसाठीं बंदर. जी आगगाडी शहराला सरोवरापासून तोडीत होती तिलाच इमारतीच्या खालीं घालावयाचें व तिच्या डोक्यावरून शहरानें चालत पाण्यापर्यंत जावयाचें, अशी ही युक्ति होती. इमारत म्हणून वर उंच कांहींच नव्हतें. रस्त्यावरून येणाऱ्याला ती इमारत न वाटतां बाग वाटावी, आणि होडींतून पाहणाऱ्याला मात्र ती दिसावी. माझ्या मतें या चित्राची सगळी थोरवी या एकाच विचारांत आहे. बाकीचीं कारंजीं व कमानी कालांतरानें बदलत गेल्या, हा विचार शेवटपर्यंत टिकला.

आतां ज्याला आपण सरसकट नकाशा म्हणतों त्या कागदाचे प्रकार थोडे समजावून घेऊं. पहिला प्रकार कच्च्या टिपणांचा. यांत चार रेघा, एखादें वर्तुळ, बाजूला कांहीं आंकडे. लावणाऱ्यालाच त्याचा अर्थ लागतो. दुसरा प्रकार दर्शनचित्राचा. शाळेंत ड्रॉइंगच्या तासाला दूरवर जाणारे रूळ व तारेचे खांब काढून ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणून जें मुलांना शिकवितात, त्याच नियमांनीं हें चित्र काढलेलें असतें. जी इमारत अजून नाहीं ती असल्यासारखी दाखविणें हें त्याचें काम. त्यांत झाडें पानांनीं भरलेलीं असतात, पाणी नेहमीं शांत असतें, आणि कोणाच्याहि हातांत छत्री नसते. तिसरा प्रकार कार्यनकाशांचा. तुळईची जाडी किती, नळ कोठून जाणार, दाराची चौकट किती इंचांची, हें सर्व त्यांत लिहिलेलें असतें आणि असे कागद शेंकड्यांनीं लागतात. गवंड्याला दर्शनचित्राचा उपयोग नाहीं; आणि मतदाराला कार्यनकाशा दाखवाल तर तो जांभई देईल. मॅडिसनमध्यें एवढा काळ जें भांडण चाललें तें दर्शनचित्रावरून चाललें हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लोक ज्याच्या बाजूनें वा विरुद्ध मत देत होते तें एक सुंदर चित्र होतें. त्याची किंमत ठरविणारे कागद फार उशिरा तयार झाले.

त्या चित्रावरील सहीचीहि एक गंमत आहे. राइटच्या पुष्कळ चित्रांच्या कोपऱ्यांत एक लहानसा तांबडा चौकोन असतो व तेथें त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें किंवा सही व तारीख असते. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा तो मोठा शोकी होता. त्यानें तीं जमविलीं, विकलीं, अडचणींत सांपडला तेव्हां त्यांच्यावर कर्जेंहि फेडलीं. त्या चित्रांवर चितारी आपली तांबडी मुद्रा उठवितात, तिची आठवण हा चौकोन पाहून सहज होते. आतां गंमत ती ही कीं, चौकोन राइटचा असला तरी चित्रांतील प्रत्येक रेघ राइटची असेच असें नाहीं. त्याच्या तरुणपणच्या प्रसिद्ध दर्शनचित्रांपैकीं कित्येक मॅरियन माहोनी या कुशल स्त्रीस्थपतीच्या हातचीं आहेत. पुढें १९३२ पासून त्यानें टॅलिएसिन येथील आपल्या राहत्या घरीं शिष्यांचें एक गुरुकुलच चालविलें. तेथें मूळ कल्पना गुरूची. ती मोजून मापून, रंगवून पुरी करावयाची शिष्यांनीं. आणि मग गुरूनें येऊन पेन्सिलीनें दुरुस्त्या करावयाच्या व शेवटीं सही घालावयाची, असा परिपाठ असे. त्यांतील जॉन हाउ हा शिष्य तर राइटच्या हातांतील पेन्सिल म्हणूनच ओळखला जाई.

कोणी म्हणेल, मग हें ‘मूळ चित्र’ कसलें? ही शंका मला फारशी महत्त्वाची वाटत नाहीं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर हेडमास्तरांची सही असते. गुण त्यांनीं दिलेले नसतात. तरी पालक भांडावयास येतो तो त्यांच्याकडेच, आणि तें योग्यहि आहे. स्थपतीची सही म्हणजे हा विचार माझा, आणि याचा जाब मी देईन, एवढेंच तिचें म्हणणें. परंतु सार्वजनिक इमारतीच्या बाबतींत खरी अडचण पुढेंच आहे. खाजगी घराच्या नकाशावर स्थपतीनें सही केली, मालकानें पैसे दिले, कीं काम संपलें. नगरभवनाचा मालक कोण? तेथें दुसरी सही कोणी करावयाची? सारी मॅडिसनची कथा या दुसऱ्या सहीची कथा आहे.

ती सही पहिल्याच वेळीं मिळतां मिळतां राहिली. १९३८ मध्यें जिल्हा मंडळापुढें हा प्रश्न आला आणि अवघ्या एका मतानें फेटाळला गेला. एका मतानें हरलेला पक्ष कधींच हार मानीत नाहीं, हें निवडणुका पाहिलेल्या कोणालाहि ठाऊक आहे. पंचवीस मतांनीं प्रस्ताव पडता तर कदाचित् चित्र त्याच वर्षीं गुंडाळून ठेवलें गेलें असतें.

विरोधकांना केवळ अरसिक म्हणून निकालांत काढण्याची चाल राइटच्या चाहत्यांत आहे. मला ती पसंत नाहीं. विरोधकांचीं कांहीं म्हणणीं अगदीं सबळ होतीं. मंदीच्या दिवसांत एवढा पैसा कोठून आणावयाचा? सरोवराचा कांठ ही सर्वांची ठेव. तिच्यावर एकदां बांधकाम झालें कीं तें परत काढतां येत नाहीं. न्यायालय, तुरुंग आणि नाट्यगृह एकाच छपराखालीं असावींच कशाला? या प्रश्नांना चित्रांतील कारंजीं हें उत्तर नव्हे.

परंतु विरोधाचें दुसरेंहि एक अंग होतें, आणि तें म्हणजे स्वतः राइट. हा मनुष्य त्या भागांत सर्वांच्या परिचयाचा होता, आणि परिचय सुखाचा नव्हता. १९०९ सालीं तो बायको व सहा मुलें टाकून आपल्या एका अशिलाच्या पत्नीबरोबर युरोपांत निघून गेला होता. त्या काळच्या सनातनी समाजानें तें कधींच विसरलें नाहीं. दुकानदारांचीं बिलें वर्षानुवर्षें थकवावीं ही त्याची ख्याति. कर्जापायीं १९२७ सालीं टॅलिएसिन बँकेच्या ताब्यांत गेलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें पडूं नये असें त्याचें मत होतें, आणि त्याच्या कांहीं शिष्यांनीं सक्तीची लष्करभरती नाकारून तुरुंगवास पत्करला. जॉन हाउ त्यांपैकींच एक. ज्या घरांतील मुलगे लढाईवर गेले होते त्या घरांना हें कसें रुचावें? शिवाय राइटची जीभ. मॅडिसनच्या पुढाऱ्यांना तो तोंडावर अडाणी ठरवी आणि मग त्यांच्याकडूनच मंजुरी मागे. म्हणून पुष्कळांच्या दृष्टीनें प्रश्न असा नव्हता कीं सरोवराकांठीं नगरभवन असावें कीं नसावें. प्रश्न असा होता कीं या मनुष्याचें नांव आपल्या शहराच्या दर्शनी जागीं कायमचें कोरावें कीं नाहीं. चित्राच्या कोपऱ्यांतील तो तांबडा चौकोन चित्राहून मोठा झाला होता.

तरीहि युद्धानंतर विषय पुन्हां निघाला, आणि १९५४ च्या नोव्हेंबरांत मॅडिसनच्या मतदारांना एक विलक्षण संधि मिळाली. त्यांना तीन प्रश्न विचारण्यांत आले. नगरभवनासाठीं चाळीस लक्ष डॉलरचें कर्ज काढावें काय? जागा मोनोनाकांठचीच असावी काय? आणि स्थपति राइट असावा काय? आपल्या इमारतीचा स्थपति कोण असावा हें सबंध शहरानें मतपेटींत मत टाकून ठरविल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल. तीनहि प्रश्नांना होकार मिळाला. राइटचें नांव थोडक्या मतांनीं निभावलें. १९५६ मध्यें शहरानें त्याच्याशीं रीतसर करार केला. सत्याऐंशीव्या वर्षीं त्या म्हाताऱ्याला गांवानें बोलावलें आणि एकुणनव्वदाव्या वर्षीं त्याच्याशीं लेखी ठरविलें, असा हा वेग होता.

विरोधकांनीं मग मतपेटीचा नाद सोडून विधिमंडळाचा दरवाजा ठोठावला. कॅरोल मेट्झनर या सभासदानें १९५७ सालीं असा कायदा करवून घेतला कीं, सरोवराच्या त्या कांठावर वीस फुटांहून उंच इमारत बांधतां कामा नये. कायद्यांत नांव कोणाचेंच नव्हतें, नेम मात्र एकावरच होता. शहरानें मतदानानें दिलेला कौल संस्थाननें असा निकामी करावा हें न्याय्य कीं अन्याय्य, यावर दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. मला स्वतःला तो डाव सरळ वाटत नाहीं. ज्याला कांठ वाचवावयाचा आहे त्यानें कांठाविषयीं बोलावें.

राइट चित्रें बदलीत राहिला. १९३८ पासून वीस वर्षांत त्यानें हा आराखडा कित्येकदां नव्यानें मांडला. स्टेशन गेलें, घुमट आले, मोटारी चढण्याउतरण्याचे नागमोडी गोल मार्ग दोहों बाजूंस आले. अर्धवर्तुळ तेंच राहिलें. शेवटच्या आराखड्यावर त्यानें १९५९ च्या आरंभीं सही केली. तेव्हां त्याला ब्याण्णवावें वर्ष चालू होतें. त्यानंतर सातच आठवड्यांनीं, ९ एप्रिल रोजीं, आरिझोनांत त्याचें देहावसान झालें. उंचीचा तो कायदाहि त्याच वर्षीं रद्द झाला. आतां मार्ग मोकळा झाला असें वाटत असतां १९६१ मध्यें ठेकेदारांचीं टेंडरें उघडलीं, आणि आंकडा मंजूर रकमेच्या दुपटीहूनहि वर गेलेला निघाला. दर्शनचित्रापासून कार्यनकाशाकडे येतांना जें व्हावयाचें तें झालें. शहराचा कारभार विरोधकांच्या हातीं गेला व योजना बासनांत पडली.

पुढच्या तीस वर्षांचा इतिहास मी थोडक्यांत आटोपतों. अधूनमधून कोणी तरी चित्र बाहेर काढी, वर्तमानपत्रांत वाद होई, आणि तें पुन्हां आंत जाई. १९९० च्या सुमारास मेयर पॉल सॉग्लिन यांनीं त्याला नवें निमित्त शोधून दिलें. शहराला परिषदा व मोठ्या सभा भरविण्यासाठीं जागा हवी होती. नगरभवन नको असेल तर परिषदगृह बांधूं. बाहेरचा आकार राइटचा, आंतली रचना आजच्या गरजेची. १९९२ च्या नोव्हेंबरांत पुन्हां मतदान झालें आणि या वेळीं थोड्या मताधिक्यानें कां होईना, दुसरी सही पडली. काम राइटच्याच संस्थेंतून पुढें आलेल्या स्थपतींकडे दिलें गेलें. त्यांतील प्रमुख अँथनी पटनम हे स्वतः तरुणपणीं राइटच्या हाताखालीं शिकलेले. १८ जुलै १९९७ रोजीं इमारत उघडली. खर्च ६ कोटी ७१ लक्ष डॉलर झाला, आणि तो संस्थान, जिल्हा, शहर व खाजगी देणगीदार या सर्वांनीं मिळून उचलला. पांच मजल्यांवर मिळून अडीच लक्ष चौरस फुटांची जागा. पाण्याच्या तळांत शेंकडों खांब रोवून ती नव्वद फूट सरोवरावर पुढें काढलेली आहे. रस्त्यावरून चालत जाणारा मनुष्य गच्चीवरच्या बागेंत पोंचतो, तो आपण एका मोठ्या इमारतीच्या डोक्यावर उभे आहों हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. १९३८ च्या चित्रांतील विचार येथें जसाचा तसा उतरला आहे.

मग ही इमारत राइटची म्हणावयाची कीं नाहीं? बांधणीच्या वेळीं हा वाद जोरांत झाला. एक पक्ष म्हणे, न्यायालयें नाहींत, तुरुंग नाहीं, नाट्यगृह नाहीं, आंतील एकहि दालन त्यानें काढलेलें नाहीं. निव्वळ नांवाच्या मोहानें प्रवासी यावे म्हणून ही सही लावलेली आहे. दुसरा पक्ष म्हणे, जागा त्याची, आकार त्याचा, सरोवराशीं नातें जोडण्याची युक्ति त्याची. आंतल्या भिंती तो असता तर त्यानेंहि बदलल्या असत्या. वीस वर्षें तो त्याच तर बदलीत होता! माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण एका अटीवर. पाहावयास येणाऱ्याला हें साफ सांगितलें पाहिजे कीं बाहेरचें चित्र राइटचें व आंतील रचना त्याच्या शिष्यांची आहे. मेलेल्या माणसाच्या सहीखालीं जिवंत माणसांनीं केलेलें काम लपविणें हा मेलेल्याचाहि मान नव्हे. खुद्द राइट याबाबतींत काटेकोर होता. आपल्या मनासारख्या बांधल्या गेलेल्या कांहीं मोजक्या घरांनाच त्यानें आपल्या सहीची तांबडी फरशी बसवावयास दिली होती. अशी फरशी मोनोना टेरेसला देण्यास तो हयात नव्हता, आणि दुसऱ्या कोणास ती देण्याचा अधिकार असूं शकत नाहीं.

राइटनें आयुष्यांत हजाराहून अधिक इमारती आंखल्या. त्यांपैकीं जवळजवळ अर्ध्या कधीं उभ्याच राहिल्या नाहींत. आपल्या देशाशीं संबंध असलेली एक त्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास अहमदाबादच्या साराभाई घराण्यानें कॅलिको मिलच्या दुकानासाठीं त्याच्याकडून आराखडा करून घेतला होता. गिराबेन साराभाई पुढें टॅलिएसिनला राहून राइटच्या हाताखालीं शिकूनहि आल्या. दुकान मात्र बांधलें गेलें नाहीं. हे सारे कागद, सुमारें तेवीस हजार रेखाचित्रें, २०१२ सालीं राइट प्रतिष्ठाननें न्यूयॉर्क येथील आधुनिक कला संग्रहालय व कोलंबिया विश्वविद्यालयाचें ग्रंथालय यांच्या संयुक्त स्वाधीन केले. प्रत्येक कागदाला क्रमांक आहे, हवेचा ओलावा मोजला जातो, हातमोजे घालून तो हाताळला जातो. ज्या चित्रांवरून गांवांतल्या सभांत लोक टेबलें बडवीत होते त्यांना आतां मोठ्यानें कोणी बोलतहि नाहीं.

तथापि या कागदांची धडपड संपलेली दिसत नाहीं. १९०५ सालीं राइटनें मॅडिसनमधील विश्वविद्यालयाच्या नौकानयन मंडळासाठीं एक नौकागृह आंखलें होतें. सपाट छप्पर, खिडक्यांची लांबच लांब ओळ, असें तें फार साधें व त्याच्या स्वतःच्या आवडीचें चित्र. मॅडिसननें तें बांधलें नाहीं. २००७ सालीं तें पुरें झालें, परंतु मॅडिसनमध्यें नव्हे; तेथून शेंकडों मैल दूर, न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो शहरीं, नायगारा नदीच्या कालव्याच्या कांठीं. होड्या वल्हविणारीं तेथलीं मुलें रोज सकाळीं तें दार उघडतात.